संत्र्याच्या बागेतला बंकर: खड्ड्यापासून फटक्यापर्यंतच्या नोंदी

२ डिसेंबर

काटोल तालुक्यातलं आमचं शेत. अंबिया बहाराची तोडणी संपली आहे. विहिरीच्या अंगाला दोन झाडं डिंक्या रोगानं गेली होती, ती काढल्यावर पाच बाय चार मीटरची जागा मोकळी झाली. तिथे गोल्फच्या सरावासाठी बंकर, म्हणजे रेतीचा खड्डा, करायचा ठरवलं.

कारण पुतणी. ती नववीत आहे आणि नागपूरला मुलामुलींच्या गोल्फ स्पर्धा खेळते. तिचे लांब फटके चांगले आहेत, पटिंग (चेंडू हलकेच ढकलून भोकात घालणं) बरं आहे, पण चेंडू बंकरमध्ये गेला की एका होलवर (एका भोकापर्यंतच्या खेळात) दोन-तीन फटके हमखास वाया जातात. कोर्सवरच्या, म्हणजे गोल्फच्या मैदानावरच्या, बंकरमध्ये कोणी तासभर सराव करू देत नाही, आणि मागे खेळणारे खोळंबतात म्हणून ते योग्यही आहे. मी फौजेत असताना ज्या छावणीत खेळायला शिकलो तिथे गवताचे ग्रीन (भोकाभोवतीचा बारीक कापलेला भाग) नव्हतेच, तेल मिसळून दाबलेल्या रेतीचे ‘ब्राऊन’ होते. बंकरमधून चेंडू काढायला मी तिथे नुसता बघून बघून शिकलो. आता तिला नीट शिकवायचं तर आधी रेती हवी.

गावात राहून असं काही करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवतो आहे. कुठे पैसे गेले, कुठे वेळ गेला आणि काय उपयोगी पडलं, एवढंच.

८ डिसेंबर

दोन मजूर लावून खड्डा केला. शेजारच्या शेतातले बुवा सुरुवातीलाच म्हणाले होते, “काळी माती पानी धरते भाऊ, मुरूम लागेस्तोवर खोदा.” आमच्याकडे मुरूम साधारण अडीच फुटांवर लागतो. तेवढं खोदायचं तर मजुरी दुप्पट, म्हणून दीड फुटावर थांबलो. तळ विहिरीच्या उलट्या बाजूला उतरता ठेवला. ग्रीनकडची कड उंच, मागची कड जवळपास सपाट.

काळी माती रेतीत मिसळू नये म्हणून शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला कागद खाली अंथरला. फुकटचा होता आणि जाड होता.

१५ डिसेंबर

एक ब्रास (शंभर घनफूट) रेती आली, रॉयल्टीच्या पावतीसह. पावती मागून घ्या आणि जपून ठेवा, रेतीची ट्रॉली दारात उभी राहिली की विचारणारे येतात.

बांधकामाची रेती जशीच्या तशी टाकू नका. काचेच्या बाटलीत अर्धी रेती, वर पाणी, जोरात हलवून रात्रभर ठेवली. सकाळी रेतीच्या वर गाळाचा बोटभर थर बसलेला दिसला. हा गाळ पाण्यानं ओला होऊन वाळला की रेतीची पपडी होते. म्हणून सगळी रेती ताडपत्रीवर पसरून धुतली, वाळवली आणि बारीक जाळीतून चाळली. खडा राहिला तर वेजच्या (चेंडू उंच उचलायच्या काठीच्या) कडेला खाच पडते, शिवाय उडून डोळ्याला लागू शकतो. चांगल्या कोर्सवर बंकरच्या रेतीचा बहुतेक दाणा पाव ते एक मिलिमीटर ठेवतात. आमच्या चाळणीतून त्याहून थोडा जाड निघाला, तो चालवून घेतला.

थर तळाला चार इंच आणि उतारावर दोन इंच. उतारावर जास्त टाकली तर ती घसरून खालीच येते.

२१ डिसेंबर

विहिरीवरची मोटर लावून बंकरमध्ये पाणी सोडलं. पाऊस यायच्या आत पाणी कसं निघतं ते बघायचं होतं. निघालंच नाही. अस्तराचा कागद पाणी धरण्यासाठीच बनवलेला असतो, त्यानं त्याचं काम चोख केलं. दुसऱ्या दिवशीही रेतीत पाय घोट्यापर्यंत जात होता.

आठवडा यातच गेला. सगळी रेती बाहेर, कागद बाहेर. मग बुवांचं ऐकून मधोमध एक चर मुरूम लागेपर्यंत खोदला, त्यात भोकं पाडलेला चार इंची पाईप टाकला, वरून बारीक गिट्टी. पाईपचं तोंड बांधाच्या नालीत काढलं. गिट्टीवर आणि बाकी तळावर पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाईल कापड. नागपुरात रस्त्याच्या कामाचा माल विकणाऱ्यांकडे त्याचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. गोणपाट वापरायचा विचार होता, पण काळ्या मातीला लागून गोणपाट एक पावसाळाही टिकत नाही.

परत पाणी सोडलं. संध्याकाळपर्यंत रेती मोकळी झाली होती.

४ जानेवारी

खांद्याच्या उंचीवरून चेंडू रेतीत टाकून बघितला तर अर्ध्याहून जास्त रुतला. नदीच्या रेतीचा दाणा पाण्यात घासून गोल झालेला असतो, एकमेकांत अडकत नाही, त्यामुळे चेंडू आत शिरतो. रोज रुतलेल्याच चेंडूचा सराव झाला तर साधा फटका कधी शिकायचा?

उपाय म्हणून क्रशरची रेती आणली, अर्धा ब्रास. तिचा दाणा फुटलेला, कोनदार असतो. तीही धुवावी लागते, कारण तिच्यात दगडाची भुकटी पुष्कळ असते आणि ओली झाली की ती सिमेंटसारखी बसते. तीन घमेली नदीची, एक घमेलं क्रशरचं, असं मिसळून वरचा थर केला. आता चेंडू पाव भागच रुततो. एक तोटा आहे: ही रेती वेजचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, लवकर घासते. सरावाची वेज आणि स्पर्धेची वेज वेगळी ठेवणं परवडत असेल तर ठेवा.

१२ जानेवारी

प्रत्यक्ष फटक्याला सुरुवात.

पुतणीची पहिली अडचण वेगळीच निघाली. चेंडू बाहेर गेला की ती खूश, नाही गेला की नाराज. “काकाजी, गेला ना वर, मंग काहून थांबवता?” पण वर गेलेले निम्मे चेंडू चुकूनच गेले होते. वेज थेट चेंडूवर लागली होती आणि खऱ्या ग्रीनवर ते चेंडू पार पलीकडे गेले असते.

म्हणून चेंडूच काढून घेतले. रेतीवर बांबूच्या काडीनं एक लांब रेघ ओढली, ती रेघ दोन्ही पायांच्या मधोमध येईल असं उभं राहायचं आणि वेज रेघेवरच रेतीत शिरली पाहिजे. एक फटका, एक पाऊल पुढे, पुन्हा एक फटका. रेघेच्या शेवटी पोचलं की मागे वळून ठसे बघायचे. चेंडू कुठे जातो त्यात वारा, ढाळ, नशीब सगळं येतं. ठशात फक्त आपला हात दिसतो. या सगळ्या कामातून मला काही सांगायचं असेल तर ते हेच: बंकरमध्ये ठसा वाचायला शिका.

आजचे ठसे वाकडेतिकडे होते. बरेचसे रेघेच्या वीतभर मागे सुरू झालेले, काही रेघेच्या पुढे. खोली पण सारखी नाही.

१६ जानेवारी

ठसे मागे का पडतात ते सापडलं. बाजूनं मोबाईलवर चित्रीकरण केलं. वेज खाली येताना पुतणीचं वजन उजव्या पायावर राहतं, चेंडू उचलायचा म्हणून अंग मागे झुकतं. मग वेजचा सगळ्यात खालचा बिंदूही मागे सरकतो. कधी वेज तिथेच रेतीत अडकते, कधी मागे रेतीला टेकून वर येत चेंडूच्या पोटावर बसते. दोन अगदी उलटे दिसणारे फटके, एकाच कारणानं.

तोंडी सांगून सुधारलं नाही. मग डावा पाय उजव्यापेक्षा थोडा जास्त रेतीत रुतवायला लावला आणि वजन सुरुवातीपासूनच डाव्या बाजूला, दहातले सहा भाग, आणि ते तिथून हलवायचं नाही. उजव्या टाचेखाली चेंडू ठेवून पाहिला, त्यानंही अंग मागे जायचं थांबतं. दोन दिवसांत ठसे रेघेजवळ आले.

पाय रुतवण्याचा दुसराही फायदा आहे. आपण जेवढे खाली जातो तेवढीच वेजही रेतीत खाली जाते, हातानं खणावं लागत नाही.

२० जानेवारी

चेंडू परत आणले. चेंडू डाव्या टाचेच्या समोर, आणि रेघ चेंडूच्या तीन बोटं मागे. वेज रेघेवर शिरायची, चेंडूखालून जायची आणि पुढे तेवढ्याच अंतरावर बाहेर यायची. दहा रुपयांच्या नोटेच्या लांबीएवढा ठसा, साधारण बारा सेंटिमीटर, आणि उथळ.

ठसे बरे आले, तरी चेंडू खाली आणि डावीकडे जात होते. कारण पकडीत निघालं. फेस उघडायला सांगितल्यावर ती आधी वेज धरायची आणि मग मनगटं वळवून फेस उघडायची. फटक्याच्या वेळी मनगटं जागेवर येतात आणि फेस परत बंद होतो. क्रम उलटा करायचा: डाव्या हातानं वेज सैल धरून आधी फेस आभाळाकडे फिरवायचा, आणि तो तसाच ठेवून मग पकड घ्यायची. एवढ्यानं चेंडूची उंची दुप्पट झाली.

२८ जानेवारी

आतापर्यंत माझ्या जुन्या सेटमधली पिचिंग वेज वापरत होतो. तिचा तळ पातळ आहे, रेतीत शिरली की कुदळीसारखी खालीच जाते. ठसे खोल येत होते ते काही प्रमाणात यामुळे. आज फेसचा कल ५६ अंशांचा असलेली, १२ अंश बाउन्सची जुनी सँड वेज आणली. हिच्या तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली असते, हाच बाउन्स, त्यामुळे ती रेतीत फार न घुसता घसरत पुढे जाते. अमेरिकन गोल्फपटू जीन सॅराझेननं आपल्या वेजच्या तळाला डाग देऊन असाच जाड ओठ तयार केला होता आणि तीच घेऊन १९३२ सालची ब्रिटिश ओपन जिंकली होती. तोपर्यंत भलेभले खेळाडू रेतीला घाबरत.

वेज बदलल्यावरही तिचे हात फटक्याच्या वेळी चेंडूच्या पुढे जात होते. दांडा पुढे झुकला की बाउन्स निकामी होतो आणि पुढची धार रेतीत जाते. गवतावरच्या फटक्यात हीच सवय चांगली, इथे नडते.

त्यासाठी फळीचा सराव. सागवानाची एक जाड फळी रेतीत सपाट बसवली, तिच्यावर दोन बोटं रेती टाकली आणि त्यावर चेंडू. धार लागली तर फळीवर खाडकन आवाज येतो आणि मनगटाला झणका बसतो. बाउन्स लागला तर वेज फळीवरून सरकत निघून जाते. हे हळू करा, पूर्ण जोरानं नाही. मनगट दुखायला लागलं म्हणून आम्हाला चार दिवस थांबावं लागलं. पण हात खाली, दांडा सरळ, हे शब्दांनी न कळलेलं फळीनं कळलं.

१२ फेब्रुवारी

उरलेली खोड मोठी होती. रेतीला भिऊन ती फटका मध्येच आवरते. वेज रेतीत गेली की हात थांबतात आणि चेंडू दोन फूट पुढे पडून परत पायाशी. रेती बराच जोर खाऊन टाकते. गवतावरून तेवढ्याच अंतरासाठी लागेल त्याच्या दुपटीहून मोठा फटका इथे लागतो, हे मनाला पटायला वेळ लागतो.

संत्र्याचे रिकामे क्रेट पाच, दहा आणि पंधरा मीटरवर ठेवले. एकच नियम: प्रत्येक फटक्यात हात शेवटी डाव्या खांद्याच्या उंचीवर गेलेच पाहिजेत. अंतर कमी-जास्त करायचं ते मागे किती नेतो त्यानं आणि वेगानं, रेती जास्त-कमी घेऊन नाही. पाच मीटरचा क्रेट सगळ्यात अवघड निघाला. तिथे फेस आणखी उघडून, फटका सावकाश पण पूर्ण. घाबरून आखडता घेतला की संपलं.

२ मार्च

अवकाळी पाऊस झाला, पाठोपाठ गारा. मृग बहाराची फळं पडली, ते नुकसान वेगळं. पाईपनं पाणी काढलं, पण रेती ओली आणि घट्ट झाली.

याच ओल्या रेतीत सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. आतापर्यंत बसवलेलं सगळं इथे उलटं पडलं. उघडा फेस आणि मोठा बाउन्स घट्ट रेतीवर आपटून वर उडतो आणि वेज चेंडूच्या मधोमध लागते. चेंडू क्रेट सोडून तुरीच्या धसकटात. ठशात ते लगेच दिसलं: ठसा जागेवर सुरू होत होता, पण पुढे नुसता ओरखडा, खोलीच नाही.

बाजूला ठेवलेली पिचिंग वेज काढली. कोरड्या रेतीत जिचा पातळ तळ नडत होता, तोच इथे कामाला आला. फेस जवळजवळ सरळ, तीन बोटांऐवजी दोन बोटं मागे, आणि फटका थोडा लहान, कारण ओल्या रेतीतून चेंडू जास्त जातो. त्यामुळे कमी बाउन्सची वेज विकू नका, तिचा दिवस येतो.

१५ मार्च

रुतलेला चेंडू. जो फक्त वरून टक्कल दाखवतो, तो. इथे नजाकत चालत नाही. चेंडू पायांच्या मध्याकडे, फेस सरळ किंवा किंचित बंद, मनगटं लवकर मोडून वेज उभी खाली आणायची. फॉलो-थ्रू (फटक्यानंतर वेज पुढे नेणं) जवळजवळ नसतोच. चेंडू फिरकी न घेता बाहेर येतो आणि ग्रीनवर लांब पळतो, म्हणून पिनच्या (भोकातल्या झेंड्याच्या काठीच्या) बरंच अलीकडे टाकायचा.

चढावरचा चेंडू लगेच जमला: खांदे उताराला समांतर, फटका मोठा, कारण चेंडू उंच जाऊन अलीकडेच पडतो. पण समोरची कड उंच असेल तर पिनचा हट्ट धरायचा नाही, हे तिला नीट सांगितलं. २००३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये रॉयल सेंट जॉर्जेस कोर्सच्या सोळाव्या होलवर डेन्मार्कच्या थॉमस ब्यॉर्नचा चेंडू दोनदा बंकरबाहेर जाऊन परत रेतीत घरंगळला. तिसऱ्यांदा तो सुटला आणि स्पर्धा एका फटक्यानं गेली. आधी बाहेर, मग पिन.

१९ एप्रिल

नागपूरजवळच्या कोर्सवर स्पर्धा. आदल्या संध्याकाळी आम्ही फक्त नियमांची उजळणी केली. चेंडूच्या अगदी मागे-पुढे रेतीला वेज लावायची नाही, सरावाच्या फटक्यात नाही, वेज मागे नेतानाही नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दंड दोन फटक्यांचा. हात किंवा वेज मुद्दाम घालून रेती चाचपायची नाही. पालापाचोळा आणि खडे मात्र २०१९ पासून उचलता येतात. चेंडू खेळण्यासारखा नसेल तर एका फटक्याच्या दंडानं बंकरच्या आतच दुसरी जागा, आणि दोन फटक्यांच्या दंडानं पिनच्या रेषेत मागे जाऊन बंकरच्या बाहेर.

पाय रुतवायला मात्र पूर्ण परवानगी आहे, आणि रेती ओळखायचा तोच एक रस्ता. तिनं तेच केलं. आमच्या रेतीपेक्षा तिथली बारीक होती आणि थर पातळ, पाय दीड इंचावर कडक तळाला टेकला. माझ्याकडे बघितलंही नाही, फेस थोडा कमी उघडला आणि चेंडू पिनपासून दोन पावलांवर ठेवला. पुढच्या एका बंकरमध्ये वेज मागे लागली, चेंडू आतच राहिला. पण दुसऱ्या फटक्यात बाहेर. आधी अशा ठिकाणी तिचा धीर सुटायचा. रेक (रेती सपाट करायचं दाताळं) फिरवण्याआधी ती क्षणभर आपला ठसा बघत होती, ते मला दोरीबाहेरून दिसलं, आणि मला फार बरं वाटलं.

१० मे

पारा ४५ च्या आसपास. सराव सकाळी सहा ते साडेसात, त्यानंतर रेतीत उभं राहवत नाही. वाळून रेती पुन्हा भुसभुशीत झाली आहे. आदल्या संध्याकाळी झारीनं हलकं पाणी मारून रेक फिरवली की सकाळी बरोबर बसते.

६ जून

पाऊस यायच्या आत बंकर बंद केला. काळी माती वाहून रेतीत आली तर सगळी रेती बाद होते, म्हणून वरचा थर पोत्यांत भरून गोठ्याच्या माळ्यावर ठेवला. उरलेल्यावर ताडपत्री आणि चारी बाजूंना मातीचा वरंबा, पावसाचं पाणी बाहेरूनच वळावं म्हणून. पाईपच्या तोंडाला जाळी, नाहीतर उंदीर शिरतात.

खर्च: नदीची रेती ६,५००, क्रशरची २,२००, पाईप १,४५०, गिट्टी ९००, कापड १,८००, मजुरी २,०००, सँड वेज ३,०००, जुने चेंडू २,५००. एकूण २०,३५० रुपये. पहिल्याच दिवशी मुरमापर्यंत चर घेतला असता तर रेती दोनदा उचलावी लागली नसती.

उतारावरचा चेंडू राहिला आहे. वजन खालच्या पायावर, खांदे उताराला समांतर, वेज उताराच्या बाजूनं खाली नेत राहायची, इथवर आलो, पण ठसा अजून चेंडूच्या फार मागे सुरू होतो. आमच्या मागच्या कडेला त्यासाठी पुरेसा ढाळच नाही. दसऱ्यानंतर ती कड दीड फुटानं उचलायची आणि मग त्याचं काम सुरू करायचं.